सत्र संपण्याआधी विचारा: पदवीच्या विषयाचा फीडबॅक कसा घ्यावा आणि कसा वाचावा

मार्च उजाडला की आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून, निरोप येतो, ऑफिसातून वीस प्रश्नांचा फॉर्म वर्गात फिरतो, पोरं शेजारच्याचं बघून सगळीकडे ‘उत्तम’वर खूण करतात आणि ४.६ सरासरीचा रंगीत आलेख फाइलला लागतो. त्या आलेखामुळे पुढच्या वर्षी एकही लेक्चर बदलत नाही, कारण बदलण्याजोगं त्यात काही सापडतच नाही. ज्यांनी फॉर्म भरला त्यांचं सत्र तर संपलेलंच असतं. आपल्याला यातून काही मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि खुणाही त्याच हिशेबाने होतात.

विषय सुधारायचा असेल तर फीडबॅक एकाच विषयाचा हवा, सत्राच्या मध्यावर हवा, दहा-बारा मिनिटांत भरून व्हायला हवा आणि आठवड्याच्या आत वर्गाला त्याचं उत्तर मिळायला हवं. पुढची पद्धत रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडच्या संलग्न कॉलेजांचा विचार करून लिहिली आहे, म्हणजे जिथे निम्मा वर्ग एसटीने येतो, टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, कधी कधी नऊच मुलं असतात आणि जुलैत फळ्यासमोरचा आवाज पावसात विरतो.

नॅकची फाइल वेगळी, विषय वेगळा

नॅकने, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, २०१७च्या चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यात पर्यायी प्रश्न वीस आणि शेवटी एक मोकळा. ते विचारतं अख्ख्या संस्थेबद्दल. त्याशिवाय अभ्यासक्रमावर विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांचे अभिप्राय घेऊन त्यांचं विश्लेषण आणि कार्यवाही अहवाल ठेवावा लागतो. हे सगळं करायचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या फॉर्मवरून ‘एफवायबीकॉमच्या अकाउंटन्सीत दुसऱ्या घटकाला पोरं का अडतात’ हे कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन फॉर्म ठेवा. विषयाचा फॉर्म नीट राबवला तर नॅकसाठी लागणारा पुरावा त्यातून आपसूक तयार होतो. उलट दिशेने तसं होत नाही.

एकही प्रश्न लिहिण्याआधी कागदावर तीन रकाने आखा: ‘माझ्या हातात’, ‘कॉलेजच्या हातात’, ‘विद्यापीठाच्या हातात’. संलग्न कॉलेजातला शिक्षक अभ्यासक्रम ठरवत नाही, ते काम अभ्यासमंडळाचं. वेळापत्रक, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, ग्रंथालयातल्या प्रती, पंखे आणि माइक कॉलेजच्या हातात. शिक्षकाच्या हातात उरतं ते असं: घटकांचा क्रम, कुठे किती तास द्यायचे, उदाहरणं, फळ्याची मांडणी, नोट्स कधी द्यायच्या, इंटर्नलची (अंतर्गत परीक्षेची) तारीख आणि स्वरूप, तपासलेले पेपर परत कधी. मध्यावरच्या फॉर्ममधले बहुतेक प्रश्न या शेवटच्या यादीतूनच यायला हवेत. जे बदलता येणार नाही ते विचारून ठेवलं की पुढच्या खेपेला मुलं फॉर्म कोराच देतात.

कधी घ्यायचा

पंधरा आठवड्यांच्या सत्रात पाचवा किंवा सहावा आठवडा बरा. तोवर एक घटक शिकवून झालेला असतो, मुलांना शिकवण्याची पद्धत कळलेली असते आणि बदल करायला आठ-नऊ आठवडे हातात असतात. पहिल्या इंटर्नलचे गुण लावायच्या आधी घ्या. गुण लागल्यावर दोन-तीन दिवसांत घेतलेला फीडबॅक शिकवण्यापेक्षा गुणांवरच जास्त बोलतो.

कोकणात मात्र पंचांग बघितल्याशिवाय तारीख ठरवू नये. पहिल्या सत्रात गणपतीच्या सुट्टीआधी किमान दहा दिवस हवेत, म्हणजे फीडबॅक, वाचन आणि वर्गाला उत्तर हे तिन्ही सुट्टीआधी उरकतं. सुट्टीनंतर मुलं परत येतात तेव्हा आपण काय लिहिलं होतं हेच विसरलेली असतात. दुसऱ्या सत्रात हीच काळजी शिमग्याची. गावोगावी पालखीचे दिवस वेगळे असल्याने ती गळती एकदम दिसत नाही, पण आठ-दहा दिवस वर्ग पातळ राहतो. एफवायला प्रवेश जुलैत रेंगाळतात, तेव्हा तिथे आठवडे मोजायचे ते वर्ग भरल्यापासून, सत्राच्या अधिकृत तारखेपासून नव्हे.

जोरदार पावसाचा दिवस टाळा. कारण साधं आहे. अशा दिवशी कॉलेजच्या गावातली मुलं येतात, आणि लांबच्या वाडीवरून दोन गाड्या बदलून येणारी येत नाहीत. नेमक्या याच मुलांची अडचण वेगळी असते: पहिला तास चुकणं, प्रॅक्टिकल अर्धवट सोडून गाडी गाठणं. मच्छीमार घरांतल्या मुलांचंही असंच. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्यापुढच्या दिवसांत काही मुलं बंदरावर हाताशी लागतात. हजेरीपुस्तक उघडा, मागच्या तीन आठवड्यांत कोणत्या वाराला सर्वांत जास्त हजेरी आहे ते बघा आणि तो वार धरा. बहुधा तो प्रॅक्टिकलचा वार निघतो.

सत्राअखेरचा फीडबॅक घ्यायचा तर शेवटच्या आठवड्यात, परीक्षेआधी. त्यातली उत्तरं शिक्षकाच्या हाती मात्र इंटर्नलचे गुण जमा झाल्यावरच पडावीत आणि हे फॉर्मवर छापावं.

काय विचारायचं, काय नाही

‘शिक्षकांचे विषयज्ञान कसे वाटते?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक फॉर्मवर सापडतो. एफवायच्या मुलाने ते कशावरून ठरवायचं? त्याला ठरवता येतं ते एवढंच: मला कळलं का, ऐकू आलं का, लिहून झालं का, विचारता आलं का, पेपर परत मिळाला का. जे तो स्वतः बघतो तेच विचारा. अभ्यासक्रम काळाला धरून आहे का, संदर्भ पुस्तकं योग्य आहेत का, हे प्रश्न माजी विद्यार्थ्यांना आणि विषयातल्या बाहेरच्या शिक्षकांना विचारायचे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका प्रश्नात दोन प्रश्न. ‘शिक्षक वेळेवर येतात व अभ्यासक्रम पूर्ण करतात’ याला ३ गुण मिळाले तर नेमकं काय कमी पडतं? उशीर की पोर्शन? ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’ हे शब्द प्रश्नात दिसले की तो प्रश्न तोडा. नकारार्थी प्रश्नही नकोत. ‘फळ्यावरचे अक्षर अस्पष्ट नसते’ यावर ‘सहमत नाही’ अशी खूण करताना निम्मी मुलं गोंधळतात आणि तो गोंधळ नंतर तुम्हाला मत म्हणून वाचावा लागतो.

‘सहमत-असहमत’पेक्षा ‘किती वेळा’ची श्रेणी मराठीत सोपी जाते: कधीच नाही, क्वचित, निम्म्या वेळा, बहुतेक वेळा, नेहमी. शेजारी ‘सांगता येत नाही’ हा सहावा चौकोन ठेवा. तो नसेल तर अनुभवच नसलेला मुलगा मधल्या चौकोनावर खूण करतो आणि सरासरी बिघडते. आकड्यांऐवजी शब्दच छापा. नुसते १ ते ५ दिले की दरवर्षी दोन-चार जण १ म्हणजे पहिला नंबर समजतात.

एफवायबीकॉम अकाउंटन्सीसाठी फॉर्म असा होईल:

१. वर्गात सोडवलेलं उदाहरण मला वही न बघता पुन्हा सोडवता येतं.
२. मी बसतो/बसते तिथे शिकवलेलं ऐकू येतं.
३. फळा पुसण्याआधी माझं लिहून होतं.
४. अडलं तर तासाला किंवा तासानंतर विचारता येतं.
५. सरावाची उदाहरणं तो घटक चालू असतानाच मिळतात.
६. शिकवण्याचा वेग: फार हळू / थोडा हळू / बरोबर / थोडा जास्त / फार जास्त.
७. आतापर्यंतचा कोणता भाग अजून कळलेला नाही? त्या भागाचं नाव लिहा.
८. पुढच्या महिन्यात एकच गोष्ट बदलायची तर कोणती, आणि का?

एवढंच. आठच्या पुढे गेलात की सातव्या-आठव्याची उत्तरं तोकडी होतात, आणि खरा माल त्या दोनांतच असतो. आठव्या प्रश्नातला ‘का’ गाळू नका. ‘वेग कमी करा’ यापेक्षा ‘वेग कमी करा, बारावी सायन्सची असल्याने डेबिट-क्रेडिट पहिल्यांदाच बघतेय’ हे कितीतरी उपयोगी. प्रॅक्टिकलच्या विषयाला पाचवा प्रश्न काढून तिथे ‘मायक्रोस्कोपवर मला स्वतःला बघायला मिळतं’ असा नेमका प्रश्न घाला. ‘प्रयोगशाळेतील सुविधा समाधानकारक आहेत का’ असा नको.

फॉर्म मराठीत हवा, विषयातले शब्द वर्गात बोलतात तेच. ‘लेजर’ला ‘खातेवही’ करायला जाऊ नका. छापण्याआधी त्याच वर्गातल्या नव्हे, पण त्याच इयत्तेच्या तीन-चार मुलांना एकेक प्रश्न वाचायला द्या आणि ‘तुला यात काय विचारलंय असं वाटतं?’ एवढंच विचारा. जिथे दोघांची उत्तरं वेगळी येतात तो प्रश्न पुन्हा लिहायचा.

नाव नको म्हणजे खरोखर नको

वर्गात चाळीस मुलं असतील आणि शिक्षकाने त्यांची जर्नलं तपासलेली असतील तर हस्ताक्षर म्हणजे सहीच. मुलांना हे माहीत असतं. इंटर्नलचे गुण याच शिक्षकाच्या हातात आहेत, हेही माहीत असतं. म्हणून सुरक्षेची सोय मुलांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी.

कागदावर घेणार असाल तर अर्ध्या ए-फोर आकाराचा, दोन्ही बाजूंनी छापलेला फॉर्म पुरतो. साठ मुलांना तीस ए-फोर लागतात. तासाच्या सुरुवातीची बारा मिनिटं द्या. शेवटची दहा मिनिटं दिलीत तर एसटी धरणारी मुलं खुणा करून पळतात आणि मोकळे प्रश्न कोरे राहतात. शिक्षकाने वर्गाबाहेर जायचं. फॉर्म वाटायला दुसऱ्या विभागाचे सहकारी असावेत. त्यांनी एवढंच सांगायचं: नाव, रोल नंबर लिहू नका, मोकळी उत्तरं टाइप करूनच शिक्षकांना दिली जातील, मालवणी, मराठी, इंग्रजी कशातही लिहा. भरलेले फॉर्म मुलांसमोर लिफाफ्यात घालून चिकटवायचे आणि लिफाफ्यावर हजर किती, फॉर्म किती हे लिहायचं.

मोबाइलवर घ्यायचं तर गुगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. ‘एकाने एकदाच’ हे बंधन चालू केलं की मुलाला खात्यात शिरावं लागतं. पत्ता तुम्हाला दिसत नसला तरी त्याला तसं वाटत नाही आणि तो जपून लिहितो. हे बंधन काढा, फॉर्म वर्गातच भरून घ्या आणि डोकी मोजा. आलेल्या उत्तरांची संख्या डोक्यांपेक्षा जास्त आली तर कुणीतरी दोनदा भरलंय. आणखी एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: उत्तरांच्या शीटमध्ये पहिला रकाना वेळेचा असतो. तीन वाजून चाळीस मिनिटांनी सर्वांत शेवटी आलेलं उत्तर कुणाचं, हे वर्गात असलेल्याला आठवू शकतं. तो रकाना काढून, ओळींचा क्रम उलटसुलट करूनच शीट शिक्षकाकडे द्यावी. रेंज नसलेल्या इमारतींत क्यूआर कोड चिकटवून उपयोग नाही, पाच-दहा कागदी फॉर्म जवळ असू द्या.

लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘रविवारपर्यंत भरा’ हा प्रकार शक्यतो नकोच. किती फसवा असू शकतो ते हिशेबाने बघा. साठांपैकी वीस जणांनी भरला आणि सरासरी ४.२ आली. उरलेल्या चाळीस जणांनी काय दिलं असतं, माहीत नाही. सगळ्यांनी १ दिला असता तर वर्गाची सरासरी २.०७ झाली असती. सगळ्यांनी ५ दिला असता तर ४.७३. म्हणजे ४.२ या आकड्याने जवळपास काहीच सांगितलं नाही. प्रत्यक्षात टोकं इतकी लांब नसतात, पण न भरणारे आणि भरणारे सारखेच असतील हे धरून चालायला काहीही आधार नसतो.

जात, गाव, मुलगा-मुलगी, बारावीची शाखा असे प्रश्न सरसकट घालू नका. वर्गात सायन्सवरून आलेली दोनच मुलं असतील तर शाखेचा रकाना म्हणजे नावाचा रकाना. फरक बघणं गरजेचंच असेल, उदाहरणार्थ ओपन इलेक्टिव्हला कला, वाणिज्य, विज्ञान एकत्र बसतात तेव्हा, प्रत्येक गटात आठ-दहा तरी मुलं आहेत ना हे आधी मोजा.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ छापा: रॅगिंग, छळ किंवा कुणाच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर ती इथे न लिहिता अँटी-रॅगिंग समितीकडे, अंतर्गत तक्रार समितीकडे किंवा विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्यावी. समितीच्या सदस्यांचे संपर्क नोटीस बोर्डवर आहेत. तरीही असं काही फॉर्ममध्ये आलंच तर टाइप करणाऱ्याने ते शिक्षकाच्या यादीत न घालता थेट प्राचार्यांकडे न्यायचं. अपमानास्पद शेरेही तिथेच गाळायचे. आडनावावरून, रंगारूपावरून केलेला शेरा वाचून कुणाचंही शिकवणं सुधारत नाही.

टीवायचा नऊ जणांचा वर्ग

दहाच्या आतबाहेर मुलं असतील तर फॉर्म ठेवूनच द्या. बारा उत्तरांत एका मुलाने ५ ऐवजी १ दिला की सरासरी ०.३३ ने खाली येते. साठांत तीच घसरण ०.०७ असते. शिवाय नऊ जणांत कुणाचं मत कुणाचं, हे लपत नाही.

इथे गटचर्चा चालते. वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी छोट्या गटांतून विषयाचं निदान करण्याची जी पद्धत बसवली, तिचाच हा साधा अवतार. दुसऱ्या विभागाचा सहकारी वर्गात येतो, विषयशिक्षक बाहेर जातो. तीन-चार जणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला एकच कागद द्यायचा. त्यावर तीन प्रश्न: या विषयात शिकायला काय मदत करतं? काय आड येतं? काय बदलता येईल? आठ मिनिटं गटात बोलणं, मग बारा मिनिटं गटांचे मुद्दे फळ्यावर. प्रत्येक मुद्द्याला किती जणांचा होकार, ते हात वर करून मोजायचं. सहकारी मुद्दे आणि आकडे लिहून घेतो, नावं नाही. पंचवीस मिनिटांत उरकतं. अडचण एकच: सहकारी विभागातलाच, रोज सोबत चहा घेणारा असला तर मुलं बोलत नाहीत. इतिहासाचे सर केमिस्ट्रीच्या वर्गात गेले तर सर्वांत बरं.

आकडे कसे वाचायचे

सरासरी शेवटी बघा. आधी प्रत्येक प्रश्नाला कोणत्या चौकोनात किती खुणा पडल्या ते लिहा, एक्सेलमध्ये काउंटइफ वापरलं की पाच मिनिटांचं काम. वेगाच्या प्रश्नाची तर सरासरी काढूच नये. समजा चाळीस जणांनी असं दिलं: फार हळू ४, थोडा हळू १२, बरोबर ८, थोडा जास्त १२, फार जास्त ४. सरासरी बरोब्बर ३, म्हणजे कागदावर वेग आदर्श. प्रत्यक्षात चाळीसपैकी बत्तीस मुलांना वेग जमत नाहीये, फक्त दोन बाजूंनी. अकाउंटन्सीत हे चित्र हमखास दिसतं, कारण बारावी कॉमर्सची मुलं बुककीपिंग करून आलेली असतात आणि सायन्स-आर्ट्सवरून आलेल्यांना जर्नल एन्ट्रीही नवी असते. इथे वेग कमी-जास्त करून उपयोग नाही. नव्यांसाठी चार जादा तास आणि जुन्यांसाठी वर्गातच सोडवायला वरच्या पातळीची उदाहरणं, असा तोडगा लागतो.

सगळीकडे एकाच चौकोनात सरळ रेषेत खुणा केलेले आणि मोकळे प्रश्न कोरे ठेवलेले फॉर्म वेगळे मोजा. टाकून देऊ नका, पण किती आहेत ते अहवालात लिहा. एक तृतीयांशाहून जास्त असतील तर मुलांचा फॉर्मवर विश्वास नाही किंवा वेळ पुरला नाही, हे आधी सोडवायचं.

तुलना त्याच विषयाची, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. गणिताच्या बाईंची तुलना पर्यावरणशास्त्राच्या सरांशी करू नका. विषय अवघड, वर्ग सक्तीचा, तास दुपारी तीनचा, या सगळ्याचा परिणाम गुणांवर होतो. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की शिकवणारा कोण, यावरूनही गुण बदलतात. मॅकनेल, ड्रिस्कॉल आणि हंट यांच्या २०१५च्या प्रयोगात ऑनलाइन वर्गांना शिकवणारे एक पुरुष आणि एक स्त्री यांनी दोन्ही ओळखी आलटून पालटून वापरल्या. प्रत्यक्षात कुणीही शिकवलेलं असो, पुरुषाच्या नावाला गुण जास्त मिळाले. २०१७ साली उटल, व्हाइट आणि गोन्झालेझ यांनी जुन्या अभ्यासांची एकत्र फेरतपासणी केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत ठळक नातं दिसलं नाही. कॅनडातल्या रायरसन विद्यापीठाच्या वादात २०१८ साली लवादाने निवाडा दिला की बढतीसाठी शिकवण्याची परिणामकारकता या गुणांवरून मोजू नये.

हे कोकणात जास्त लागू पडतं ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. फीडबॅकचा आकडा नेमणुकीला जोडला की मध्यावरचा प्रामाणिक फीडबॅक ते घेणारच नाहीत, आणि घेतला तरी आधी पेपर सोपा काढतील. मध्यावरचा फॉर्म शिक्षकाचाच राहू द्या. विभागप्रमुखांकडे जावा तो फक्त ‘काय बदललं’ हा कागद.

मोकळी उत्तरं: इथे वेळ घाला

साठ मुलांच्या वर्गातून मोकळ्या उत्तरांचे तीन-चार टाइप केलेले कागद निघतात. एकदा सलग वाचा आणि बाजूला ठेवा. पहिल्या वाचनात बोचलेलं एक वाक्यच डोक्यात राहतं, मग ते एकाने लिहिलेलं असो की वीसांनी. दुसऱ्या दिवशी प्रत्येक उत्तराचे सुटे मुद्दे करा आणि एकेका मुद्द्यापुढे रेघा ओढत मोजा. शक्य असेल तर सहकाऱ्याकडून हीच मोजणी वेगळी करून घ्या आणि जुळवा.

अशी उत्तरं येतात: ‘सगळा बरा आसा.’ ‘लय फास्ट.’ ‘फळा भरला की पुसतात, बॅलन्स शीटची उजवी बाजू लिहायची राहते.’ ‘मागे काही ऐकू येत नाही.’ ‘मराठीतून पण सांगा.’ ‘शेवटचा तास नको, साडेचारची गाडी चुकते.’

पहिलं मोजणीत घ्यायचं, पण त्यातून काही करता येत नाही. ‘लय फास्ट’ला ‘का’ नाही, म्हणून ते शेजारच्या उत्तराजवळ ठेवून बघा. ज्या वर्गात दहा जण ‘फास्ट’ म्हणतात आणि सात जण ‘लिहून होत नाही’ म्हणतात, तिथे बोलण्याचा वेग ठीक असतो, फळा पुसण्याचा वेग जास्त असतो. उपाय: फळ्याचे उभे तीन भाग करा, पुसताना नेहमी सर्वांत जुना भागच पुसा. एका तासात फरक दिसतो.

‘ऐकू येत नाही’ हे जुलैतलं असेल तर छपराकडे बघा. पत्र्याच्या छपराखाली सर कोसळली की चौथ्या बाकामागे माणसाचा आवाज पोचतच नाही. ऑक्टोबरच्या फीडबॅकमध्ये हाच प्रश्न गायब होतो आणि अहवालात ‘शिक्षकांनी सुधारणा केली’ अशी नोंद पडते. खरा उपाय म्हणजे कमरेला लावायचा छोटा माइक, नाहीतर त्या महिन्यांपुरता वर्ग स्लॅबच्या इमारतीत हलवणं, आणि तोवर सर आली की बोलणं थांबवून मुलांना उदाहरण सोडवायला देणं.

‘मराठीतून पण सांगा’ यात दोन मागण्या असू शकतात: समजावणं मराठीत हवं, की पेपरात मराठीत लिहायचं आहे. वर्गात जाऊन विचारल्याशिवाय ठरवू नका. गाडीचा मुद्दा कॉलेजच्या रकान्यात. त्यासोबत एसटीच्या वेळा आणि किती मुलं, हे जोडून वेळापत्रक समितीकडे द्या, नुसतं ‘मुलं म्हणतात’ असं लिहून नव्हे.

वर्गात परत जा

फॉर्म घेतल्यापासून सात दिवसांच्या आत तासाची दहा मिनिटं यासाठी ठेवा. फळ्यावर तीन रकाने काढा. पहिल्यात जे बदलणार, तारखेसह: ‘सोमवारपासून फळा तीन भागांत. दुसऱ्या घटकाचा उदाहरणसंच शुक्रवारी. नव्यांसाठी जादा तास मंगळवार-गुरुवारी पहिल्या तासाआधी नाही, दुपारच्या सुट्टीत, कारण गाड्या.’ दोन किंवा तीनच गोष्टी घ्या. दुसऱ्या रकान्यात जे बदलणार नाही आणि का: ‘दर पंधरवड्याची चाचणी राहील, कारण ती बंद केली तर चुका थेट परीक्षेत कळतात.’ तिसऱ्यात जे पुढे पाठवलं, कुणाकडे, कधी.

सबबी सांगू नका, आणि ‘हे कोणी लिहिलंय?’ हे तर हसतसुद्धा विचारू नका. तेवढ्या एका वाक्याने पुढच्या तीन वर्षांचे फॉर्म गोड होतात, सिनियर पोरं ज्युनियरना सांगतात.

तीन-चार आठवड्यांनी फक्त बदललेल्या गोष्टींवर दोन प्रश्नांची चिठ्ठी फिरवा: ‘आता फळ्यावरचं लिहून होतं का?’ ‘जादा तासांनंतर जर्नल एन्ट्री जमते का?’ आणि मुलांच्या मतावर थांबू नका. त्याच घटकावर दहा गुणांची छोटी चाचणी घेऊन आधीच्या चाचणीशी ताडून बघा. मुलांना बरं वाटणं आणि मुलांना येणं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

कार्यवाही अहवाल आणि विषयाची फाइल

अहवाल एका पानाचा पुरतो. रकाने: फीडबॅकची तारीख, हजर किती आणि फॉर्म किती, मुद्दा आणि तो किती जणांनी मांडला, काय केलं, कोणी, कोणत्या तारखेला, नंतरच्या चिठ्ठीत काय दिसलं. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात आली’ हे वाक्य बंद करा, त्यावर कुणालाच काही विचारता येत नाही. अभ्यासक्रमाबद्दलचे मुद्दे सत्राअखेरीस एकत्र करून प्राचार्यांमार्फत अभ्यासमंडळाकडे पाठवा. ‘सिलॅबस मोठा आहे’ असं न लिहिता कोणत्या घटकाला किती तास दिलेत आणि प्रत्यक्षात किती लागले, हे लिहा. मूळ हस्तलिखित फॉर्म लिफाफ्यात आयक्यूएसीच्या समन्वयकाकडेच राहतात, विभागाच्या कपाटात नाही.

विभागात राहायची ती विषयाची पातळ फाइल. आमच्याकडच्या कॉलेजांत एकच विषय लागोपाठच्या तीन वर्षांत तीन वेगळ्या माणसांनी शिकवला असं सर्रास होतं, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून सुरू करतो. फाइलमध्ये चार कागद ठेवा: वापरलेला फॉर्म, मोकळ्या उत्तरांतल्या मुद्द्यांची मोजणी, एका पानाचा अहवाल, आणि घटकनिहाय प्रत्यक्ष लागलेल्या तासांचा तक्ता. जूनमध्ये नव्या माणसाला वेळापत्रकासोबत ही फाइल द्यायची. मागच्या शिक्षकाला मिळालेली सरासरी तेवढी तिच्यात ठेवू नका.